एजंटला पेपर का सापडत नाही? टूलचं वर्णन तपासण्याची रीत

होयल आणि नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणावरचा १९६४ चा पेपर शोधून दे, असं मी आमच्या एजंटला, म्हणजे भाषिक मॉडेलवर चालणाऱ्या आणि शोधाची टूलं स्वतः वापरणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगितलं. त्याने आर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधीच्या पेपरांच्या, संग्रहात शोध घेतला. नारळीकरांचे बऱ्याच नंतरचे काही पेपर त्याच्या हाती लागले आणि त्यातला एक त्याने 'हाच तो' म्हणून पुढ्यात ठेवला. आर्काइव्ह सुरू झालं ऑगस्ट १९९१ मध्ये. १९६४ चा पेपर तिथे असण्याचं काही कारणच नव्हतं. तो छापला गेला रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आणि त्याची नोंद आहे नासाच्या एडीएस या खगोलशास्त्रातल्या पेपरांच्या सूचीत. एडीएसचं टूल एजंटला दिलेलं होतं, पण त्याने ते उघडूनही पाहिलं नाही.

आधी संशय मॉडेलवर गेला. मग टूलची वर्णनं काढून वाचली. पहिलं, आर्काइव्हचं: 'शोधनिबंध शोधतो.' दुसरं, एडीएसचं: 'खगोलशास्त्रातील शोधनिबंध शोधतो.' ग्रंथालयात आज रुजू झालेल्या माणसाला दोन कपाटं दाखवली, एकावर 'पुस्तकं' आणि दुसऱ्यावर 'पुस्तकं, विज्ञान' अशी चिठ्ठी लावली, तर तो पहिलंच कपाट उघडणार. एजंटने तेच केलं होतं.

या चिठ्ठ्या कशा तपासायच्या ते इथे पायरीपायरीने लिहितो. उदाहरणं पेपर शोधणाऱ्या एजंटची आहेत, कारण माझे हात तिथेच पोळलेत. टूलची नावं प्रत्यक्षात रोमन अक्षरांत असतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिली आहेत.

पायरी १: मॉडेलला नेमकं काय दिसतं ते उघडून बघा

मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतं ते टूलचं नाव, वर्णनाचा मजकूर आणि इनपुटचा आराखडा: कोणते रकाने, कुठला सक्तीचा, प्रत्येकाबद्दल दोन शब्द. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या, मॉडेलला बाहेरची टूलं जोडण्याच्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एमसीपीमध्येही, हेच तीन भाग मुख्य आहेत. त्यामुळे 'टूलचं वर्णन' म्हणताना फक्त तो परिच्छेद धरू नका. रकान्याचं नाव 'आयडी' आहे की 'आर्काइव्ह_क्रमांक', यानेही मॉडेलचं वागणं बदलतं.

मॉडेलकडे प्रत्यक्ष गेलेली विनंती एकदा जशीच्या तशी छापून घ्या. कोडमध्ये लिहिलेलं वर्णन मधल्या एखाद्या लायब्ररीने अर्धवट कापलेलं असतं, किंवा रकान्यांची वर्णनं पोहोचलेलीच नसतात. हे तपासायला दहा मिनिटं लागतात. मी ते तीन दिवसांनी केलं.

पायरी २: आधी टूल स्वतः चालवा

वर्णन खरं आहे का, हे ठरवण्याआधी टूल काय करतं ते तुम्हाला माहीत हवं. वीसेक शोध स्वतः, हाताने करा आणि निरीक्षणं टिपून ठेवा. पेपरांच्या दुनियेत प्रत्येक सूचीची तऱ्हा वेगळी आहे आणि ती बारीकसारीक गोष्टींतच लपलेली असते.

आर्काइव्हचंच घ्या. त्याचा एपीआय (प्रोग्रॅमकडून शोध घेण्याची सोय) शीर्षक, लेखक, अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सारांश) अशा नोंदींत शोधतो, पेपरच्या पूर्ण मजकुरात नाही. किती निकाल हवेत ते सांगितलं नाही तर दहाच देतो. लागोपाठच्या दोन विनंत्यांमध्ये तीन सेकंद थांबा, अशी त्यांची सूचना आहे. क्रमांकांच्या तर तीन पिढ्या आहेत. एप्रिल २००७ च्या आधी विषयाचं लघुरूप, तिरकी रेघ आणि सात अंक; त्यानंतर वर्ष-महिना, टिंब आणि चार अंक; जानेवारी २०१५ पासून टिंबानंतर पाच अंक. शिवाय मागे आवृत्तीचा आकडा लागू शकतो. रकान्याच्या वर्णनात फक्त 'उदा. १७०६.०३७६२' एवढंच असेल, तर जुन्या पेपरचा क्रमांक मिळाल्यावर मॉडेल तो 'दुरुस्त' करून नव्या साच्यात कोंबण्याचा धोका आहे.

एडीएसची ओळखखूण तिसरीच: १९ अक्षरांचा बिबकोड, ज्यात वर्ष, नियतकालिक, खंड, पान आणि पहिल्या लेखकाचं आद्याक्षर येतं. पबमेड या वैद्यक-जीवशास्त्राच्या सूचीत पेपरचा क्रमांक, म्हणजे पीएमआयडी, वेगळा आणि पूर्ण मजकुराच्या संग्रहातला पीएमसीआयडी वेगळा. दुसऱ्याच्या आधी 'PMC' लागतं, पण ते गळलं की दोन्ही आकडेच, त्यामुळे अदलाबदल ठरलेली. पबमेडचा एपीआय किल्लीशिवाय (नोंदणी करून मिळणारा सांकेतिक शब्द) सेकंदाला तीन विनंत्या घेतो, किल्ली असेल तर दहा. सगळ्या विषयांची खुली सूची असलेला ओपनअ‍ॅलेक्स अ‍ॅबस्ट्रॅक्ट सरळ मजकुरात देत नाही. कोणता शब्द कुठल्या जागी, अशी उलटी यादी देतो. तुमच्या टूलने ती जोडून दिली नाही, तर मॉडेलसमोर शब्दांचा भुगा येतो.

आता कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे वर्णनातलं एकेक विधान, उजवीकडे तुम्ही पाहिलेलं वागणं. जिथे मेळ बसत नाही ते आधी दुरुस्त करा. आमच्या एका टूलच्या वर्णनात 'पेपर मिळवतो' असं होतं आणि ते द्यायचं फक्त अ‍ॅबस्ट्रॅक्ट. एजंट त्यावरून 'या पेपरच्या निष्कर्षात असं म्हटलं आहे' असं बेधडक लिहायचा. खोटं वर्णन तोकड्या वर्णनापेक्षा जास्त नुकसान करतं.

पायरी ३: वाचून तपासणी

अजून एजंट चालवायचा नाही. वर्णन समोर ठेवून काही प्रश्न विचारायचे. हे टूल कशात शोधतं? कोणत्या काळातलं आणि कोणत्या विषयातलं? परत काय देतं आणि काय देत नाही? शेजारचं टूल कधी वापरावं? इनपुट कुठल्या रूपात? रिकामं उत्तर आलं तर त्याचा अर्थ काय?

शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेक जण ढुंकूनही बघत नाहीत. रिकामी यादी म्हणजे 'असा पेपर नाही' असं मॉडेल समजतं आणि वापरणाऱ्याला तसं सांगूनही टाकतं. आणि 'कधी वापरू नये' हे वाक्य माझ्या मते सगळ्या वर्णनातलं सर्वात मोलाचं. टूल काय करतं हे मॉडेल नावावरूनही ताडू शकतं. ते कुठे थांबतं हे मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायला मार्ग नाही.

'शोधनिबंध शोधतो' याच्या जागी आम्ही लिहिलेलं वर्णन असं:

'आर्काइव्हमधल्या प्रीप्रिंटचा शोध. शीर्षक, लेखक, अ‍ॅबस्ट्रॅक्ट एवढ्यातच शोधतं. पूर्ण मजकुरात नाही. मुख्यतः भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, गणित, संगणकशास्त्र. १९९१ पासूनचे पेपर. त्याआधीच्या पेपरसाठी, किंवा नियतकालिक-खंड-पान माहीत असेल तर, एडीएस_शोध वापरा. आर्काइव्ह क्रमांक हाताशी असेल तर शोधू नका, थेट पेपर_तपशील वापरा. क्वेरी इंग्रजीत, दोन ते सहा शब्दांची. काही न मिळाल्यास रिकामी यादी येते. पेपर अस्तित्वात नाही असा त्याचा अर्थ नाही.'

यानंतर एक स्वस्तातली चाचणी: टूल कधीच न वापरलेल्या सहकाऱ्याला फक्त ही वर्णनं द्या, पाच प्रश्न द्या आणि 'कोणतं टूल, कोणतं इनपुट' एवढंच कागदावर लिहायला सांगा. तो जिथे अडखळून 'म्हणजे नक्की काय?' विचारतो, तिथे मॉडेल विचारत नाही, ठोकून देतं.

पायरी ४: प्रश्नसंच

खरी मेहनत इथे आहे. सगळा वेळ एकाच पायरीवर घालवायचा असेल तर याच पायरीवर घालवा.

सुरुवातीला ५० प्रश्न पुरतात. ते स्वतःच्या डोक्यातून काढू नका, कारण टूल बनवणारा नकळत टूलच्याच भाषेत विचारतो. वापरणाऱ्यांच्या जुन्या प्रश्नांमधून उचला, ग्रंथपालांना विचारा, पीएचडी करणाऱ्या कुणाचे ईमेल चाळा (परवानगीने). मग बघा की वेगवेगळ्या प्रकारचे अडथळे संचात आले आहेत ना.

लघुरूपांचा अडथळा घ्या. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्याबद्दलच्या पेपरांत कुणी 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' असं पूर्ण नाव लिहितं, कुणी 'जीएमआरटी', आणि सुधारणा झाल्यानंतरचे लेखक 'यूजीएमआरटी'. शब्दाला शब्द जुळवणाऱ्या शोधाला हे तिन्ही एकच आहेत हे ठाऊक नसतं. 'खोडदच्या दुर्बिणीने पल्सारवर अलीकडे काय काम झालं?' या एका प्रश्नात तीन परीक्षा आहेत: गावाच्या नावावरून दुर्बीण ओळखणं, तिन्ही रूपं शोधणं आणि 'अलीकडे'चं तारखेत रूपांतर करणं.

लेखकाच्या नावाचा अडथळा तसाच. जयंत नारळीकर, जे. व्ही. नारळीकर, नुसतं नारळीकर. आपल्याकडच्या नावांत आद्याक्षरं कधी वडिलांची, कधी गावाची, आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग दर पेपरला वेगळं. आडनाव आधी की नंतर, हे रकान्याच्या वर्णनात उदाहरणासह लिहिलं आहे का ते असले प्रश्न चटकन उघडं पाडतात.

मराठीतून विचारलेले प्रश्न संचात हवेतच. 'कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीत बीटीला प्रतिकार कसा आला?' यावर एजंटने मराठी शब्द तसेच शोधात टाकले तर हाती भोपळा. 'पिंक बोलवर्म' टाकलं तर पुष्कळ मिळतं, आणि पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे शास्त्रीय नाव जोडीला घेतलं तर आणखी. 'क्वेरी इंग्रजीत, सजीवाचं शास्त्रीय नाव माहीत असल्यास तोही शोध वेगळा करा' हे एक वाक्य अशा प्रश्नांसाठी. हा विषय आर्काइव्हचा नाही, हेही एजंटला कळलं पाहिजे. आणि कुणी 'यावर आपल्या विद्यापीठांत झालेले पीएचडीचे प्रबंध' मागितले, तर जागा तिसरीच: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा.

संचातले पाच-सात प्रश्न असे ठेवा की ज्यांचं उत्तर तुमच्या कुठल्याही टूलकडे नाही. 'या पेपरचा हिंदी अनुवाद दे', 'या लेखकाचा फोन नंबर काय'. दोनेक अस्तित्वातच नसलेले पेपरही घाला. टूल न वापरणं किंवा 'सापडलं नाही' म्हणणं हेच इथलं बरोबर उत्तर.

प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहा: चालतील अशी टूलं, अपेक्षित पेपरांचे क्रमांक, आणि काय केलेलं चालणार नाही. एकच 'बरोबर मार्ग' बांधून देऊ नका. एजंट कधीकधी आपल्यापेक्षा बरा रस्ता काढतो आणि कडक उत्तरपत्रिका त्यालाच नापास करते. संचातला एक तृतीयांश भाग बाजूला काढा आणि वर्णन सुधारताना तो उघडूही नका. शेवटी खरी परीक्षा त्याच्यावर.

पायरी ५: चालवणं

मॉडेल तेच, त्याची आवृत्ती तीच, सिस्टिम प्रॉम्प्ट (एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या कायमच्या सूचना) तोच. फक्त वर्णन बदलायचं. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर एजंट वेगळं वागू शकतो, म्हणून प्रत्येक प्रश्न निदान तीन वेळा. हिशेब आधी मांडा: ५० प्रश्न, ३ फेऱ्या, २ वर्णनं म्हणजे ३०० वेळा चालवणं. दर वेळी सरासरी ४ विनंत्या धरल्या तर १,२०० विनंत्या, आणि तीन सेकंदांची शिस्त पाळली तर नुसत्या थांबण्यातच तास जातो. ती शिस्त पाळाच. सार्वजनिक सूचीवर धाड घालून मिळवलेले आकडे तसेही खराब येतात, कारण मध्येच सूची नकार द्यायला लागते आणि तुम्ही ते वर्णनाच्या खात्यावर मांडता.

जुनं आणि नवं वर्णन एकाच दिवशी, आलटूनपालटून चालवा. सूचीत रोज नवे पेपर येतात. सोमवारचं जुनं वर्णन आणि शुक्रवारचं नवं यांची तुलना होत नाही. प्रत्येक फेरीचा पूर्ण माग जपून ठेवा: कोणतं टूल, कोणतं इनपुट, काय परत आलं, शेवटी काय लिहिलं.

पायरी ६: काय मोजायचं

सगळ्याचा मिळून एकच गुण काढण्याचा मोह आवरा. चूक तीन ठिकाणी होऊ शकते आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. चुकीचं टूल निवडलं, तर 'कधी वापरावं, कधी नाही' हे वाक्य कच्चं. टूल बरोबर पण इनपुट चुकलं, तर रकान्याचं वर्णन किंवा उदाहरण कच्चं. आणि टूलने बरोबर पेपर दिला, पण एजंटने उत्तरात भलताच सांगितला, तर टूलचं वर्णन खरवडत बसण्यात अर्थ नाही. निकाल कसे मांडले जातात ते किंवा मूळ प्रॉम्प्ट बघा. मी सुरुवातीला या तिसऱ्या प्रकारच्या चुका वर्णनात वाक्यं वाढवून सोडवू पाहत होतो. वर्णन लांबलं, चुका तशाच राहिल्या.

याशिवाय मोजा: अपेक्षित पेपरांपैकी किती मिळाले, किती विनंत्या लागल्या, किती टोकन (मॉडेल वाचतं-लिहितं त्या मजकुराचे तुकडे) खर्ची पडले, आणि टूलच्या कुठल्याही निकालात नसलेला क्रमांक किती वेळा उत्तरात आला. तो शेवटचा आकडा शून्य हवा.

क्रमांक जुळवायला दुसरं मॉडेल परीक्षक म्हणून बसवायची गरज नाही, साधी तुलना पुरते. मात्र आधी आवृत्तीचा आकडा काढून टाका आणि एकाच पेपरची दोन रूपं एक धरा. आर्काइव्ह २०२२ पासून प्रीप्रिंटला स्वतःचा डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) देतं, १०.४८५५० ने सुरू होणारा, आणि नियतकालिकातल्या छापील रूपाचा डीओआय वेगळा असतो. हे न सांभाळल्यामुळे आमच्या पहिल्या मोजणीत बरोबर उत्तरं चूक ठरली होती.

पायरी ७: फरक खरा की नशिबाचा

५० पैकी ४० प्रश्न बरोबर, म्हणजे ८० टक्के. एवढ्या लहान संचावर त्या ८० भोवती दोन्ही बाजूंना सुमारे ११ टक्क्यांची धूसर पट्टी असते. त्यामुळे 'जुनं ७६, नवं ८२' असं नुसतं लिहून आनंद करू नका.

प्रश्न तेच असल्याचा फायदा घ्या. प्रत्येक प्रश्नाचा तीन फेऱ्यांचा बहुमताचा निकाल काढा आणि ज्या प्रश्नांवर दोन वर्णनांचे निकाल वेगळे आले तेवढेच मोजा. समजा असे १० निघाले. नव्याच्या बाजूने ९ आणि जुन्याच्या बाजूने १ असेल, तर नुसत्या योगायोगाने असा किंवा याहून एकांगी कौल लागण्याची शक्यता सुमारे २ टक्के. ८ विरुद्ध २ असेल तर ती ११ टक्क्यांवर जाते, म्हणजे अजून प्रश्न हवेत. नाणेफेकीचंच गणित आहे. आणि आकडा काहीही आला तरी जे प्रश्न आधी सुटत होते आणि आता सुटत नाहीत, त्यांचे माग एकेक करून वाचा. एरवी कशातून शिकायला मिळत नाही इतकं त्यांतून मिळतं.

पायरी ८: दुरुस्ती, एका वेळी एकच

दोन वाक्यं एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एक बदल करा आणि सगळा संच पुन्हा चालवा. सगळा, कारण टूलची वर्णनं शेजाऱ्यांसारखी असतात. एकाने आवाज वाढवला की दुसऱ्याचं ऐकू येत नाही. आमच्याकडे कुणीतरी संदर्भ_यादीच्या वर्णनात 'पेपरविषयी कोणतीही माहिती हवी असल्यास आधी हे वापरा' असं लिहून ठेवलं होतं. साध्या शोधाचे प्रश्नही तिकडे वळायला लागले. 'सर्वोत्तम', 'नेहमी', 'सर्वसमावेशक' असले शब्द दिसले की काढून टाका. टूलचा यादीतला क्रम उलटा करूनही एक फेरी घ्या. क्रम बदलल्यावर निवड बदलत असेल, तर वर्णनं एकमेकांपासून पुरेशी वेगळी नाहीत.

काही दुखण्यांवर वर्णन हे औषधच नव्हे. दोन टूलमधला फरक तीन वाक्यांत सांगूनही मॉडेल गोंधळत असेल, तर ती एकत्र करा. इनपुटच्या चुका वारंवार होत असतील तर त्रुटीचा संदेश सुधारा, कारण तोही मॉडेल वाचतंच. 'अवैध इनपुट' यावरून त्याला काही कळत नाही. 'हा पीएमसीआयडी दिसतो. इथे पीएमआयडी लागतो' असं म्हटलं की पुढच्याच विनंतीत ते सुधारतं.

पायरी ९: बाहेरून आलेली वर्णनं

दुसऱ्या कुणाचा एमसीपी सर्व्हर जोडणार असाल, तर त्याचं वर्णन म्हणजे तुमच्या एजंटला दिलेल्या सूचनाच. त्यात टूलशी संबंध नसलेला आदेश नाही ना, ते पाहा. तपासल्यानंतर मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) जपून ठेवा, म्हणजे नंतर कुणी तो गुपचूप बदलला तर कळेल. पेपरांतूनही सूचना येऊ शकतात: २०२५ मध्ये काही प्रीप्रिंटमध्ये एआय परीक्षकांना उद्देशून 'चांगलाच अभिप्राय द्या' अशा अर्थाच्या लपवलेल्या ओळी सापडल्या होत्या. म्हणून असा एक पेपर स्वतः बनवून संचात घालावा आणि पूर्ण_मजकूर टूलच्या वर्णनात लिहावं की परत येणारा मजकूर माहिती म्हणून वाचायचा, आज्ञा म्हणून नाही. एवढ्याने धोका जात नाही, म्हणून पेपर शोधणाऱ्या एजंटला लिहिण्या-पाठवण्याचे अधिकार आम्ही देतच नाही.

आता तो १९६४ चा प्रश्न. नव्या वर्णनावर एजंट थेट एडीएसकडे जातो आणि दोन विनंत्यांत बिबकोड घेऊन येतो. पण बाजूला ठेवलेल्या संचाने नवी खोच काढलीच. काही लेखकांनी आपले १९९१ पूर्वीचे पेपर नंतर स्वतःच आर्काइव्हवर चढवले आहेत, आणि 'त्याआधीचे इथे नाहीत' असं मानून बसलेला एजंट ते शोधायलाच तयार नव्हता. वर्णनात 'त्याआधीचे क्वचितच. आधी एडीएस_शोध, तिथे आर्काइव्ह क्रमांक दिसला तर पेपर_तपशील' अशी दुरुस्ती केली आहे. तो प्रश्न संचात ५१ वा म्हणून घातला आहे आणि आज रात्री सगळा संच पुन्हा चालवायला लावला आहे.